कोरडे हात

अंगठा झाला, पहिलं बोट झालं, आणि मधल्या बोटाला तेल चोळता चोळता सासूबाई म्हणाल्या, "अर्धी बाटली उजूले दिधी मी." मी हात ओढून घेतला नाही. वीस वर्षांची सवय होती, हात त्यांच्या ओंजळीत तसाच राहिला. जानेवारीची सकाळ, असोद्याकडून केळीच्या बागांवरून येणारं वारं ओट्यावर थेट अंगावर येत होतं, आणि त्या मात्र उबदार, खरखरीत बोटांनी माझी एकेक पेरं दाबत बसल्या होत्या. तिळाचं तेल, ओवा, लसूण, सगळं काळंभोर होईपर्यंत कढवलेलं. दर थंडीत सोनगीरहून धुळ्याला, धुळ्याहून एस.टी.ने जळगावला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत चिंधीचं बूच लावून हे तेल आमच्याकडे येतं आणि तेलाच्या मागोमाग त्या येतात. मी विचारलं, "कशाला दिलीत?" आवाज नेहमीसारखा ठेवायचा मला सराव आहे. त्या म्हणाल्या, "थंडी शे ना तठे. मी सांगं तिले, उडी माराना आधी दोन्ही हातले चोळजो. मामानी लावं नही, म्हनीसन गया. मन्ही आण लिधी शे तिनी." मग त्यांनी माझं करंगळीशेजारचं बोट धरलं. आतून माझी बायको सुनंदा ओरडली की भाकरी गार होते आहे, आटपा दोघं.

मी बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसतो. माजी सैनिकाला दुसरं काय मिळणार. थंडीत बंदुकीची नळी एवढी गार पडते की हात चिकटेल की काय असं वाटतं, म्हणून मी ती मांडीवर आडवी ठेवतो आणि दोन्ही हात काखेत घालतो. शाखाधिकारी एकदा हसून म्हणाले होते, पाटील, चोर आला तर आधी हात बाहेर काढायला परवानगी मागाल काय. त्यांना काय सांगणार. काखेत हात घालणं मला फौजेने आग्र्याला शिकवलं. विमानात बसल्यावर हात काखेत, मुठी उघडायच्या मिटायच्या, लोखंडाला उगाच हात लावायचा नाही, हातमोजे पातळ आणि कोरडे. घाम किंवा ओल आली की बोटं आधी मरतात आणि मग माणूस. हे सगळं मी माझ्या मुलीला, उजूला, सांगितलं होतं. डिसेंबरात ती कॉलेजच्या एन.सी.सी.मधून आग्र्याच्या छत्री-शिबिराला, म्हणजे पॅराशूटच्या उड्यांना, निवडली गेली तेव्हा सुनंदाने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, मामाच्या वळणावर गेली म्हणाली, आणि वडिलांची सही लागते म्हणून फॉर्म माझ्यासमोर ठेवला. मी सही केली. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मग आठवडाभर रोज संध्याकाळी ओट्यावर मी तिला शिकवत होतो. काखेत हात धर, बोटं मोज, डोळे मिटून पोटावरची मूठ शोध. तिने पोटाला उशी बांधली होती आणि उशीला सुनंदाचं एक कडं शिवलं होतं. ते कडं ती झपकन ओढायची आणि मी म्हणायचो, पुन्हा. सगळं सांगितलं, तेल तेवढं सांगितलं नाही. तो शब्द माझ्या तोंडून निघतच नाही. दुकानात गेलो तरी मी डबा पुढे करतो.

उजूचं पत्र कालच आलं होतं, खिशातच होतं. पहिली उडी शनिवारी, बारा तारखेला सकाळी. आज गुरुवार. पत्राच्या खाली तिने शिबिराच्या ऑफिसचा फोन नंबर लिहिला होता, फक्त तातडीचं असेल तर, असं कंसात. एक बाई पासबुक घेऊन आत गेली, एक म्हातारा पेन मागून गेला, मी कोणाला काय म्हणालो कोण जाणे. मला भीती वाटत होती, साधी हातांत वाटणारी भीती; सकाळी चोळलेलं तेल अजून तळव्यांवर होतं आणि बंदूक घट्ट धरली की ती मुठीतून सटकायची. मी रुमालाने हात पुसले. वास गेला नाही. लसणाचा वास पुसून जात नाही, हे मला एकोणसत्तर सालापासून माहीत आहे.

त्या वर्षीही जानेवारीच होता. झुलाल सोनगीरचा, मी असोद्याचा. आमची बोली निराळी, त्याची शे-शे करणारी, सगळ्याला बठ्ठं म्हणणारी, आणि मी तिची नक्कल करायचो, तो माझी करायचा. पण पलटणीत पंजाबी आणि गढवाली पोरांमध्ये आम्ही दोघंच खान्देशी, म्हणजे भाऊच. तो माझ्यापेक्षा चांगला सैनिक होता. त्याचे हात मात्र थंडीला कच्चे. बोटं सुजायची, लाल व्हायची, रात्री खाजवून खाजवून रक्त काढायचा. उस्ताद म्हणायचे, मोजे घाल, काखेत ठेव, सहन कर. मग त्याच्या आईचं पार्सल आलं. त्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पुरचुंडी आणि ही बाटली. झुलालला लाज वाटत होती, पोरं हसतील म्हणे, सगळी बराक लसणाची होईल. मीच म्हणालो, अरे आईने पाठवलं आहे, लाव. सहाव्या उडीच्या दिवशी धुकं होतं, ट्रकमध्ये ताडपत्रीखाली आम्ही अगदी मागे बसलो होतो, आणि मी त्याचे दोन्ही हात माझ्या मांडीवर घेऊन तेल चोळलं. तळवे, पंजा, बोटांच्या बेचक्या, मनगटापर्यंत. भरपूर ओतलं. कंजुषी कशाला करायची. तो हसत होता, म्हणाला, माय बी इतलं लावत नही. मग त्याने खिशातून हातमोजे काढले तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, मोजे घालू नकोस, सगळं तेल लोकर पिऊन टाकेल. हे मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही.

ज्याला उडीची माहिती नाही त्याला वाटतं छत्री आपण उघडतो. तसं नसतं. विमानात एक तार असते, तिला हूक अडकवायचा, दारातून बाहेर पडलं की पाठीवरची छत्री आपोआप ओढली जाते. हजारात एखाद्या वेळी ती पिळवटते, फुगत नाही. त्यासाठी पोटावर दुसरी छोटी छत्री असते, आणि तिला लोखंडी मूठ. ती मात्र हाताने ओढावी लागते. झुलाल माझ्या पुढे होता. माझी छत्री उघडली, नेहमीचा तो हिसका बसला, आणि मी खाली पाहिलं. त्याची छत्री त्याच्या डोक्यावर दोरखंडासारखी उभी होती. मी त्याचे हात पाहत होतो. उजवा हात पोटावर गेला आणि निसटला. पुन्हा गेला, निसटला. मग डावा. मग दोन्ही एकदम. त्याला मूठ सापडत होती, हे वरून अगदी स्वच्छ दिसत होतं. मूठ सापडत होती आणि हातात राहत नव्हती. मी ओरडलो की पूस, हात पूस, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. धुकं विरळ होतं आणि खाली हरभऱ्याचं शेत होतं.

मी शंभर पावलांवर उतरलो. डॉक्टरांची गाडी लांब होती. मी धावत गेलो आणि त्याचं तोंड पाहण्याच्या आधी, रडण्याच्या आधी, गळ्यातला मफलर काढून मी ती मूठ पुसली. मग त्याचे तळवे पुसले. एकेक बोट. हे मी का केलं याची मी बावीस वर्षांत बरीच उत्तरं काढली आहेत, आणि सगळी मलाच सोयीची आहेत. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, साहेब, त्याचे हात थंडीने बधिर व्हायचे. ते कागदावर लिहिलं गेलं. मफलर मी जाळला.

मग त्याची ट्रंक घेऊन मी सोनगीरला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी घर, दारात बाया बसलेल्या, आणि तानुबाई, म्हणजे माझ्या आजच्या सासूबाई, मधोमध. त्या रडत नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, थंडी होती का. मी म्हणालो होती, हात बधिर झाले. मग त्या म्हणाल्या, "तेल लावं व्हतं का?" आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आता बाईला काय सांगायचं, की तुमच्याच तेलाने? मी म्हणालो, नाही, लावलं नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, म्हणाल्या, मी धाडेल व्हतं, मी बजाडेल व्हतं. मला वाटलं आपण त्यांना वाचवलं. खरं सांगायचं तर स्वतःला वाचवलं, आणि ते करताना त्यांच्या हातात ती बाटली कायमची देऊन आलो. तेव्हापासून त्या बाईने थंडीत सोनगीरमध्ये एकही हात कोरडा ठेवलेला नाही. बाळंतिणीची पोरं, एस.टी.चे ड्रायव्हर, हायवेवर ढाब्यावर भांडी घासणाऱ्या बाया. चोळता चोळता प्रत्येकाला झुलालची गोष्ट सांगायची, त्याने लावलं नाही म्हणून गेला. माझं खोटं अख्ख्या गावाच्या हातांना चोळलेलं आहे. मी सुट्टीत जात राहिलो, जावंसं वाटायचं आणि पळूनही यावंसं वाटायचं, आणि वर्षभराने त्यांनी सुनंदा मला दिली. लग्नानंतर पहिल्याच थंडीत त्यांनी माझे हात ओढून घेतले. "तुमना तरी हात गरम राहू द्या, भाऊ," म्हणाल्या. जावई झालो तरी त्या मला भाऊच म्हणतात, झुलालचा दोस्त म्हणून. उजू जन्मली तेव्हा तिच्या इवल्याशा मुठी उघडून त्यांनी तेल लावलं आणि मी शेजारी उभा राहून बघितलं.

दुपारच्या सुट्टीत मी स्टेशन रोडवरच्या एस.टी.डी. बूथवर गेलो. नासीर नावाचा माणूस तो बूथ चालवतो, मला चाचा म्हणतो. सात वेळा लाइन लागली नाही, आठव्या वेळी कोणी कारकून बोलला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, मुलीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "लड़कियाँ ग्राउंड पे हैं. मैसेज क्या है?" मी म्हणालो, उसको बोलो हाथ को तेल नहीं लगाना. पलीकडे तो हसला, "बस इतना? ये अर्जंट है?" त्याचं खरं होतं. अशा निरोपाची चिठ्ठी कोण लिहील, आणि लिहिली तरी उजू काय करील? आजीची शपथ घेतलेली पोरगी आहे. ती म्हणेल बाबांचं काहीतरीच. उस्तादांना दिसू नये म्हणून ट्रकमध्ये मागे बसून लावील, आम्ही लावलं होतं तसंच. मनाई असलेली गोष्ट लपून करायची ही आमच्या घराची खोड. तिला कारण सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, मुलीलाच बोलवा. तो म्हणाला, उद्या सकाळी साडेसातला करा, पीटीच्या आधी बोलावून ठेवतो, तीन मिनिटं मिळतील.

घरी सांगितलं ते अर्धंच, की उद्या उजूशी बोलणार आहे. सुनंदाला शाळेत स्वयंपाकाला जायचं असतं, ती म्हणाली माझा आशीर्वाद सांगा. सासूबाईंनी मात्र उद्यासाठी तेव्हाच चपला काढून दाराशी ठेवल्या. मी म्हणालो, थंडी आहे, तुम्ही कशाला येता, मी तुमचा निरोप सांगतो. त्या म्हणाल्या, "मन्ही नातना आवाज ऐकाले येस मी." पंचाहत्तर वर्षांची बाई, फोनवर कधी बोललेली नाही. नाही कसं म्हणायचं? मी ऐनवेळी काहीतरी करू, बाहेर बसवू, असं मनाशी म्हणत राहिलो. झोप आली नाही. मला सारखं ते कडं शिवलेली उशी दिसत होती आणि कड्यावर चकाकणारं बोटांचं तेल.

सकाळी शुक्रवारी निघालो तर रस्त्यावर धूर आणि धुकं एकत्र, केळीची पानं थंडीने करपली म्हणून चहाच्या टपरीवर माणसं बोलत होती. रस्ता ओलांडताना त्या नेहमीसारखं माझं मनगट धरतात, तसं धरलं. बूथ म्हणजे काचेचं खोपटं, त्याचं दार पुरतं लागत नाही. मी म्हणालो, तुम्ही बाहेर बाकावर बसा. नासीर आगाऊपणे म्हणाला, "अरे चाचा, अम्मांना आत घ्या ना, गार लागेल," आणि त्याने स्वतःच त्यांना आत सरकवलं. आम्ही दोघं त्या खोक्यात खांद्याला खांदा लावून उभे. लाइन पहिल्या झटक्यात लागली. कालच्याएवढा त्रास आज का झाला नाही असं मला वाटलं, रागच आला. कारकून म्हणाला, ठहरिये. मग उजू.

"बाबा? काय झालं? आजी बरी आहे ना?"

त्या फोनचा आवाज एवढा मोठा होता की शेजारी सगळं ऐकू येत होतं. सासूबाई हसल्या, माझी बाही धरली. भिंतीवरच्या यंत्रात लाल आकडे पळत होते. मी ठरवलं होतं की आधी विचारपूस करू, मग हळूच, फिरवून. तोंडातून निघालं ते सरळ निघालं. "उजू, ते तेल लावू नकोस. तुझ्या मामाने लावलं होतं. मी लावून दिलं होतं. मीच मोजे घालू दिले नाहीत. मूठ त्याच्या हातातून सटकली, मी वरून पाहिलं. हात बधिर नव्हते झाले. मी खोटं बोललो. ऐकते आहेस का?" बाहीवरचा हात तसाच होता. मी तिकडे पाहिलं नाही, समोर काचेवर नासीरने चिकटवलेला कॅलेंडरचा कागद होता तो वाचत राहिलो.

मी हॅलो हॅलो केलं. मग ती हळू म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा." काय माहीत आहे, मी म्हणालो. "इथे पहिल्याच दिवशी उस्ताद सांगतात, दर बॅचला सांगतात. हात कोरडे ठेवा. एकोणसत्तरमध्ये एक जवान गेला, दोस्ताने प्रेमाने तेल लावून दिलं होतं, ट्रकमधल्या पोरांनी पाहिलं होतं. मूठ पुसलेली होती पण लसणाचा वास होता. नाव सांगत नाहीत. मी साल ऐकलं, लसूण ऐकलं, मला कळलं." मग ती भराभर बोलू लागली. "मी त्याच दिवशी बाटली नळाखाली ओतली. तुम्ही घाबरू नका. मी तुमच्यावर रागावले होते, आता नाही. पण बाबा, एक ऐका. आजीला कधी सांगू नका. तेल तिने पाठवलं होतं. हे तिला कळलं तर ती जगायची नाही."

बावीस वर्षं मी जे पुसलं असं समजत होतो ते तिकडे दर थंडीत नव्या पोरांना मोठ्याने सांगितलं जात होतं. उजू पंधरा दिवसांपूर्वीच वाचलेली होती. मी फोन केला नसता तरी वाचलेलीच होती. मी आज इथे उभं राहून हे सगळं बोललो ते कोणासाठी बोललो, ते माणूस माझ्या बाजूला उभं होतं.

सासूबाईंनी बाही सोडली आणि फोनसाठी हात पुढे केला. मी दिला. त्यांनी तो उलटा धरला, नासीरने वाकून सुलटा करून दिला. त्या म्हणाल्या, "हा बेटा, मी शे." आवाज अगदी रोजचा. "जेवस का चांगली? हा. थंडी शे का तठे?" मग, "तेल लावजो बरं का उद्या. इसरू नको."

उजू तिकडून म्हणाली, "हो आजी. लावते. दोन्ही हातांना."

"बठ्ठं लाव. ठेवू नको," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. तोपर्यंत तीन मिनिटं संपली होती, नुसता आवाज येत होता.

मी पैसे दिले, उरलेले घ्यायचे विसरलो, नासीर हाक मारत राहिला. बाहेर धुकं तसंच होतं. त्या माझ्या दोन पावलं पुढे चालत होत्या, ताठ, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील. शिव्या द्याव्यात, रस्त्यात बसून छाती पिटावी, चारचौघांत माझी अब्रू काढावी, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. सुनंदाला सांगणार का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. उजूची उडी उद्या होती, आणि इकडे घरात दिवाळीनंतर कढवलेल्या तेलाची दुसरी अर्धी बाटली फडताळात होती. त्या म्हणाल्या, "केयी बठ्ठ्या करपी गयात," एवढंच, टपरीवरच्या माणसांचं ऐकून. मी हो म्हणालो.

चौकात ट्रकची रांग लागली होती. ओलांडायची वेळ आली तशी मी मनगट पुढे केलं. त्यांनी ते धरलं नाही. आधी पदराचं टोक हातात घेतलं आणि उजवा तळवा पुसला, मग डावा, मग पुन्हा उजवा, बोटांच्या बेचक्यांतून पदर फिरवत, एकेक बोट, मनगटापर्यंत. तीन ट्रक गेले. चौथा थांबला आणि ड्रायव्हर आमच्याकडे बघत राहिला. मग त्यांनी माझा हात धरला, आणि आम्ही रस्ता ओलांडला.